स्कुबा डायव्हिंगला गेलात आणि हिरमोड झाला? चूक समुद्राची की चालकाची, हे कसं ओळखायचं?

सकाळी आठला मालवणच्या किनाऱ्यावर हजर राहायला सांगितलेलं असतं. बोट सुटते दहाला. बोटीत पंधरा-वीस जण, त्यातल्या निम्म्यांना बोट लागलेली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकाळ भागात नांगर पडतो आणि एकेकाला हाक मारून शिडीवरून पाण्यात उतरवलं जातं. डोळ्यांवर आणि नाकावर मास्क, तोंडात रेग्युलेटर, मागून डायव्हरने धरलेलं. खाली हिरवट धुकं, ब्रेडच्या तुकड्याभोवती घोटाळणारे काळ्या पट्ट्यांचे मासे, कॅमेऱ्यासमोर दोन पोझ. काय चाललंय हे कळायच्या आत डोकं पाण्याबाहेर असतं. 'झालं?' हा बहुतेकांचा पहिला प्रश्न.

मालवण-तारकर्ली असो किंवा गोव्यातलं ग्रँड आयलंड, सुट्टीत स्कुबाला गेलेल्या अनेकांची तक्रार अशीच सुरू होते. रीलमध्ये निळंशार पाणी होतं, इथे स्वतःचा हातही नीट दिसला नाही. अर्धा तास म्हणाले होते, सात-आठ मिनिटांत वर आणलं. व्हिडिओ फ्री म्हणाले होते, नंतर वेगळे पैसे मागितले.

या सगळ्या तक्रारी एका जातीच्या नाहीत. काही समुद्राच्या आहेत, काही आपल्या शरीराच्या आणि काही सरळसरळ चालकाच्या. पहिल्या दोन प्रकारांत पैसे परत मागण्यात फारसा अर्थ नसतो. तिसऱ्यात मागता येतात. आणि तिसऱ्या प्रकारातल्या काही गोष्टी अशा आहेत, की त्यांच्यापुढे पैशांचा प्रश्न किरकोळ ठरावा.

'स्कुबा' म्हणून नेमकं काय विकलं जातं?

गोंधळाची सुरुवात इथूनच होते. स्कुबा या एकाच शब्दाखाली किनाऱ्यावर दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

एक म्हणजे ओळखीचा डाईव्ह. पॅडी या प्रशिक्षण संस्थेच्या भाषेत त्याला 'डिस्कव्हर स्कुबा डायव्हिंग' म्हणतात, तर एसएसआय या दुसऱ्या संस्थेच्या भाषेत 'ट्राय स्कुबा'. यासाठी आधीचं शिक्षण लागत नाही आणि पोहता येत नसलं तरी चालतं, कारण प्रशिक्षक पूर्ण वेळ सोबत असतो. पॅडीच्या नियमानुसार यात जास्तीत जास्त १२ मीटर खोल जाता येतं आणि किमान वय १० वर्षं आहे. मालवण किंवा गोव्याला पर्यटक जे करतात ते याच जातीचं, पण बहुतेकदा त्याची छोटी आवृत्ती. खोली १२ मीटरच्या निम्मीही नसते आणि पर्यटक स्वतः पोहत नाही, त्याला धरून फिरवलं जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे कोर्स. 'ओपन वॉटर डायव्हर' हा पहिला टप्पा साधारण तीन-चार दिवसांचा. त्यात थिअरी, तरणतलावासारख्या शांत पाण्यात सराव, २०० मीटर पोहणं, १० मिनिटं तरंगणं आणि समुद्रात चार डाईव्ह असतात. तो पूर्ण केला की १८ मीटरपर्यंत जाता येतं आणि मिळालेलं कार्ड जगभर चालतं. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे असे कोर्स होतात.

किनाऱ्यावरच्या पॅकेजनंतर नाव घालून जे 'सर्टिफिकेट' हातात देतात ते हौसेचा कागद असतं. घरी फ्रेम करून लावायला हरकत नाही. पण ते अंदमानच्या डाईव्ह सेंटरवर दाखवून 'मला येतं' म्हटलं, तर तिथला माणूस फक्त हसेल. 'दहा मिनिटांच्या डाईव्हवर आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट' अशी जाहिरात कुणी करत असेल, तर ते समुद्राच्या नाही, चालकाच्या खात्यात टाकावं.

मग दहा मिनिटांतच वर का आणतात?

'हवा संपली' हे कारण अनेकदा ऐकायला मिळतं. ते जरा तपासून बघण्यासारखं आहे.

आधी एक दुरुस्ती. पाठीवरच्या टाकीला सगळेच 'ऑक्सिजन सिलिंडर' म्हणतात, पण त्यात ऑक्सिजन नसतो. आपण श्वासात घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. सर्रास वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पूर्ण भरलेल्या टाकीत साधारण २,२०० लिटर हवा मावते. त्यातली पाव टाकी राखीव धरली तरी १,६०० लिटरच्या वर उरते. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला वीसएक लिटर हवा वापरतो. सहा मीटरवर दाब दीडपटीहून थोडा जास्त असल्याने तोच आकडा ३२ लिटरच्या आसपास जातो. म्हणजे पन्नास मिनिटं सहज मिळायला हवीत. नवखा माणूस घाबरून दुप्पट हवा ओढेल असं धरलं, तरी पंचवीस मिनिटं कुठे गेली नाहीत.

थोडक्यात, भरलेली टाकी एका माणसाला दहा मिनिटांत संपत नाही. दहा मिनिटांचा डाईव्ह हा हवेचा नाही, व्यवसायाचा हिशेब आहे. बोटीत वीस जण, पाण्यात उतरवणारे डायव्हर तीन किंवा चार, आणि किनाऱ्यावर पुढची बोट वाट बघतेय. या हिशेबात मुळात गैर काही नाही. कमी पैशांत जास्त लोकांना पाण्याखालची एक झलक दाखवायची, तर वेळ कमीच मिळणार. गैर असतं ते झलक दाखवायची आणि जाहिरातीत अर्धा तास लिहायचा.

हा अर्धा तासही कसा मोजतात ते विचारावं. काही ठिकाणी किनाऱ्यावरची तयारी, शिडीला धरून तोंडाने श्वास घेण्याचा सराव आणि प्रत्यक्ष पाण्याखालचा वेळ, सगळं मिळून 'तीस मिनिटांचा स्कुबा' होतो. त्यामुळे विचारायचा प्रश्न 'स्कुबा किती वेळ?' हा नाही. 'डोकं पाण्याखाली गेल्यापासून वर येईपर्यंत किती मिनिटं?' असा विचारावा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्यावं. पुढे ते कामाला येतं.

एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. कान दुखतोय अशी खूण केल्यावर डायव्हरने दोन मिनिटांत वर आणलं असेल, तर त्याने योग्य तेच केलं. पाण्यात उतरताना पहिल्या काही मीटरमध्येच दाबाचा फरक सर्वांत जास्त जाणवतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकत कानातला दाब सारखा करावा लागतो, आणि सर्दी असेल तर ते जमत नाही. तशाही अवस्थेत खाली नेलं, तर कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. सर्दी लपवून बोटीत बसलेल्याने नंतर चालकाला दोष देऊ नये.

रीलमधलं निळं पाणी मालवणात का दिसत नाही?

कारण बऱ्याचदा ते मालवणचं नसतंच. अंदमान, लक्षद्वीप किंवा मालदीवचं फुटेज, त्यावर मालवणी गाणं आणि खाली फोन नंबर, अशा रील शोधायला फार खाली स्क्रोल करावं लागत नाही. ओळखायची एक सोपी खूण म्हणजे मागचा भाग. फोटोत वीस-पंचवीस मीटर लांबचं प्रवाळ स्पष्ट दिसत असेल, तर तो फोटो कोकण किनाऱ्यालगतचा असण्याची शक्यता फार कमी.

इथलं पाणी गढूळ असतं ते अस्वच्छतेमुळे नाही. कोकणच्या नद्या सह्याद्रीतून उतरून थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात आणि पावसाळ्यात लाल मातीचा गाळ आणून ओततात. देवबागजवळ कर्ली नदी मिळते, गोव्यात मांडवी आणि झुआरी. किनाऱ्यालगत समुद्र उथळ आहे, त्यामुळे लाट आली की तळाचा गाळ पुन्हा उठतो. शिवाय या पाण्यात सूक्ष्म वनस्पती भरपूर असतात, त्यानेही हिरवट छटा येते. मालवणची मासळी इतकी चांगली का, याच्या उत्तरातही हेच पाणी येतं. बांगडा-सुरमईला जे पाणी मानवतं ते कॅमेऱ्याला मानवत नाही, एवढंच.

किनाऱ्यापासून लांब गेलं की चित्र बदलतं. कर्नाटकात मुर्डेश्वरपासून एकोणीसएक किलोमीटरवर नेत्राणी बेट आहे, तिथे पाणी बरंच स्वच्छ मिळतं. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेला अँग्रिया बँक हे समुद्रात बुडालेलं प्रवाळांचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखलं जाणारं. पण तिथे सकाळी जाऊन दुपारी जेवायला परत येता येत नाही. किनाऱ्याजवळ मालवणात चार-सहा मीटरवरचं दिसलं तरी तो चांगला दिवस मानावा.

दिवस कसा निवडायचा, याचं उत्तर मच्छीमारांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, प्रवाह जोरात असतो आणि गाळ ढवळला जातो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी त्यामानाने संथ राहतं. त्यामुळे स्कुबाचं बुकिंग करताना भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तिथी बघणं यात अंधश्रद्धा अजिबात नाही. महिन्यांमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सहसा बरा. पुढे वारा वाढत जातो आणि दुपारनंतर समुद्र खवळलेला असतो, म्हणून पहिली बोट पकडावी. मेअखेरीपासून ३१ ऑगस्टपर्यंत महाराष्ट्रात जलपर्यटनाच्या बोटी बंद असतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुट्टी आहे म्हणून गेलात, तर पावसाळ्याचा गाळ बसायला वेळ मिळालेला नसतो.

रंगांचंही एक गणित आहे. पाणी आधी लाल रंग शोषून घेतं. पाचएक मीटरवरच लाल वस्तू मळकट तपकिरी दिसू लागते. त्यामुळे प्रत्यक्ष डोळ्यांना जे निळं-हिरवं, फिकट दिसतं तेच व्हिडिओत लाल फिल्टर किंवा एडिटिंगमुळे रंगीबेरंगी होतं. ही फसवणूक म्हणता येणार नाही, सगळं जग असंच करतं. पण मित्राचा एडिट केलेला व्हिडिओ बघून गेलेल्याचा पाण्याखाली अपेक्षाभंग होणार हे ठरलेलंच. मासे मात्र खऱ्यापेक्षा साधारण एक तृतीयांश मोठे दिसतात, तेवढी भरपाई निसर्ग करतो.

आणि तो ब्रेड? मासे कॅमेऱ्याजवळ यावेत म्हणून डायव्हर सोबत नेतात. पर्यटकाला 'भरपूर मासे दिसले' असं वाटतं, पण खरं तर रोज त्याच जागी खायला येणारे तेच ते मासे दिसतात. यात प्रवाळांचंही नुकसान होतं, कारण एरवी शेवाळ खाऊन खडक साफ ठेवणारे मासे आयत्या खाण्याला सरावतात. मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे आठवण म्हणून तुकडा उचलणं हा गुन्हा ठरतो. पर्यटकाच्या हातात प्रवाळ किंवा तारामासा देऊन फोटो काढणारा चालक आपली सेवा वाढवून देत नसतो.

बोटीवर चढण्याआधी काय व्हायला हवं?

गढूळ पाणी विसरता येतं. पण ज्या डाईव्हमध्ये आधी काहीच सांगितलं गेलं नाही, तो डाईव्ह छान दिसला तरी वाईटच होता.

पाण्यात उतरण्याआधी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतली जायला हवी. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचे आजार, अलीकडची शस्त्रक्रिया, गर्भारपण हे प्रश्न त्यात असतात. एखाद्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. किनाऱ्यावर मात्र अनेकदा फक्त 'माझ्या जबाबदारीवर उतरत आहे' अशा कागदावर सही घेतात आणि त्यालाच फॉर्म म्हणतात. दोन्ही कागद वेगळे आहेत. पहिला पर्यटकाला वाचवण्यासाठी असतो, दुसरा चालकाला.

त्यानंतर समजावून सांगणं, ज्याला डायव्हिंगच्या भाषेत ब्रीफिंग म्हणतात. त्यातली एक गोष्ट गाळली तर चालतच नाही. पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही. पोहणारे सवयीने श्वास रोखतात, म्हणून हे मुद्दाम सांगावं लागतं. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर हवा घेऊन, श्वास रोखून वर आलं, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसाला तेवढी जागा नसते. ही इजा फार खोलवर जाऊनच होते असं नाही, दीड-दोन मीटरवरूनही होऊ शकते. 'आपण काय फक्त पाच मीटर जातोय' हे म्हणूनच उत्तर नव्हे.

खुणाही आधी शिकवायला हव्यात. सोशल मीडियावर वाढलेल्या पिढीचा इथे हमखास घोळ होतो. अंगठा वर म्हणजे पाण्याखाली 'छान' नाही, त्याचा अर्थ 'मला वर न्या' असा आहे. सगळं ठीक असल्याची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेलं वर्तुळ. कॅमेऱ्यासमोर आनंदाने अंगठा दाखवल्यावर डायव्हर वर घेऊन आला, तर तो त्याचं काम करतोय. पण ही खूण त्याने आधी सांगितली होती का, हा प्रश्न उरतोच.

डायव्हरचं प्रमाणपत्र विचारण्यात संकोच वाटायचं कारण नाही. प्रशिक्षकाला क्रमांक असतो आणि पॅडीच्या वेबसाइटवर तो तपासता येतो. मालवणचे अनेक डायव्हर मच्छीमार कुटुंबांतले आहेत, समुद्र त्यांना तळहातासारखा माहीत असतो आणि संकटात त्यांचाच आधार वाटतो, हे खरं आहे. पण समुद्र ओळखणं आणि घाबरलेल्या नवख्या माणसाला दाबाखाली सांभाळणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. बऱ्याच जणांकडे दोन्ही असतात. ज्याच्याकडे कागद असतो, त्याला तो दाखवायला मिनिटही लागत नाही.

बोटीकडेही बघावं. डाईव्हबद्दल शंभर प्रश्न विचारणारे पर्यटक बोटीबद्दल एकही विचारत नाहीत. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी वीस पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. डाईव्ह पार पडला होता, घात परतीच्या वाटेवर झाला. लाइफ जॅकेट प्रत्येकाला आहे का, ते बकल लावून घालायला सांगतात का की बसायला गादी म्हणून ठेवलेली असतात, परवान्यावर किती प्रवाशांची क्षमता लिहिली आहे, हे किनाऱ्यावर उभं राहूनच दिसतं. महाराष्ट्रात बोटींचे परवाने सागरी मंडळ देतं, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स विभाग. साहसी पर्यटनासाठी महाराष्ट्राने २०२१ मध्ये धोरण आणलं, त्यात अशा उपक्रमांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी अपेक्षित आहे. नोंदणी क्रमांक विचारावा.

'आज समुद्र बरोबर नाही, बोट सोडत नाही' असं सांगणारा चालक भेटला, तर सुट्टीचा दिवस वाया गेल्याचा राग येतोच. पण पुढच्या वेळी त्याच्याकडेच जावं.

परतीच्या प्रवासाचं काय?

हा भाग कुणी सांगत नाही. डाईव्हनंतर लगेच विमानात बसू नये, कारण दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. एका डाईव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डाईव्ह केले असतील, तर किमान १८ तास थांबावं असा सर्वमान्य सल्ला आहे. सकाळी ग्रँड आयलंड आणि संध्याकाळी मोपाहून फ्लाइट, हा बेत त्यात बसत नाही.

घाट रस्त्यालाही हेच लागू होतं. हा सल्ला साधारण ६०० मीटरपासून वरच्या उंचीसाठी आहे, आणि आंबोली जवळपास ६९० मीटरवर आहे. पाच मीटरवर दहा मिनिटं घालवलेल्याला आंबोलीत धोका होण्याची शक्यता अगदी कमी. पण तारकर्लीत कोर्स करून, दोन दिवसांत चार डाईव्ह मारून, त्याच संध्याकाळी कोल्हापूरकडे गाडी काढणाऱ्याने रात्र किनाऱ्यावरच काढलेली बरी.

पैसे परत मिळतात का?

इथे समुद्र आणि चालक यांच्यातला फरक कामाला येतो. पाणी गढूळ होतं, कासव दिसलं नाही, मासे कमी होते, मळमळलं, कान दुखला, या कारणांवर परतावा मिळण्याची शक्यता जवळपास नाही. मात्र 'शंभर टक्के क्लिअर व्हिजिबिलिटी' असं लेखी आश्वासन दिलं असेल तर गोष्ट वेगळी. समुद्राची हमी कुणी देऊ शकत नाही. ती देणारा स्वतःहून अडकतो.

कबूल केलेल्या वेळेपेक्षा कितीतरी कमी वेळ, न दिलेला किंवा दुसऱ्याचाच पाठवलेला व्हिडिओ, आधी न सांगितलेले जादा पैसे, दुसऱ्या ठिकाणच्या फोटोंची जाहिरात, प्रशिक्षित माणसाऐवजी भलताच माणूस. या गोष्टी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतली त्रुटी किंवा दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकतात. बिल न देणं हीसुद्धा या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. गोव्यात हॉटेलच्या दारात उभ्या एजंटाला रोख पैसे देणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं, कारण तक्रार करायची वेळ आली, की बोट कुणाची होती हेच त्यांना माहीत नसतं. पावतीवर प्रत्यक्ष डाईव्ह घडवणाऱ्याचं नाव हवं.

पहिली पायरी म्हणजे १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ती न्यायालय नाही, पण कंपनीशी संपर्क साधून तडजोडीचा प्रयत्न करते. नोंदणीकृत व्यवसाय असेल तर बरीच प्रकरणं इथेच मिटू शकतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने यात एक मोठी सोय केली आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथेही तक्रार दाखल करता येते. म्हणजे मालवणात झालेल्या फसवणुकीसाठी नाशिककराला सिंधुदुर्गाच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या सेवेसाठी शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, वकील सक्तीचा नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन तक्रार करता येते. दीड हजार रुपयांसाठी एवढं कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे. पण सहा जणांच्या कुटुंबाचं पॅकेज असेल तर आकडा वेगळा होतो. आणि अनेकदा नुसती लेखी नोटीस गेल्यावरच चालकाचा सूर बदलतो.

'माझ्या जबाबदारीवर' या कागदावर सही केली म्हणून सगळं संपलं असं नाही. समुद्राचे नेहमीचे धोके मान्य केल्याचं त्यातून दिसतं. पण स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी एका सहीने कायमची झटकून टाकता येत नाही. तसंच हवामानामुळे बोट सुटलीच नाही आणि तारीखही बदलून दिली नाही, तर 'नो रिफंड' एवढ्या दोन शब्दांवर पूर्ण रक्कम ठेवून घेणं आयोगासमोर टिकेलच असं नाही.

सुरक्षेची तक्रार असेल, म्हणजे क्षमतेपेक्षा जास्त माणसं, जॅकेट नाहीत, नशेतला चालक, तर परताव्याच्या भानगडीत न पडता आधी स्थानिक बंदर कार्यालयाला आणि पोलिसांना कळवावं. तेही त्याच दिवशी, कारण त्याच बोटीतून उद्या सकाळी दुसरे वीस जण जाणार असतात.

पोस्ट टाकण्याआधी

परत आल्यावर बहुतेकांचा राग फेसबुकवर किंवा गुगल रिव्ह्यूमध्ये उतरतो. 'फ्रॉड आहेत, जाऊ नका' एवढ्याने पुढच्या माणसाला काही कळत नाही, उलट बदनामीचा वाद अंगावर येऊ शकतो. तारीख, बोट सुटल्याची वेळ, पाण्याखालची मिनिटं, भरलेली रक्कम, कबूल काय केलं त्याचा स्क्रीनशॉट आणि प्रत्यक्ष काय मिळालं, एवढं लिहिलं की पोस्ट तक्रारीचा पुरावा म्हणूनही वापरता येते. पाण्याखालच्या व्हिडिओची मूळ फाइल जपून ठेवावी. व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या फाइलमधून चित्रीकरणाची मूळ तारीख आणि वेळ सहसा निघून गेलेली असते.

दुसऱ्यांची रील बघतानाही हेच लागू. फुकट डाईव्ह घेऊन केलेली रील ही कायद्याच्या दृष्टीने जाहिरात आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार इन्फ्लुएन्सरने पैसे, फुकट सेवा किंवा सवलत घेतली असेल, तर ते ठळकपणे सांगणं बंधनकारक आहे, हॅशटॅगांच्या गर्दीत लपवून नाही. रिव्ह्यू वाचताना आपण जाणार त्याच महिन्यातले, शक्यतो मागच्या सीझनचे वाचावेत. आणि मालवणच्या बोटीवर जुलैत डाईव्ह करून 'क्रिस्टल क्लिअर' पाणी पाहिल्याचं कुणी लिहिलं असेल, तर त्या पेजवरचे बाकीचे पंचतारांकित रिव्ह्यू वाचण्यात वेळ घालवू नये. जुलैत तिथे बोटी सुटत नाहीत.